तयार आहे, पण पाळी नाही



गेल्या दोन महिन्यांत या सदराला आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच विषयाची निघाली, ऑपरेटिंग सिस्टीमची. दोन मुलांची आहेत, एक बीसीएचा आणि एक पॉलिटेक्निकचा. तिसरं पत्र एका अम्मींचं. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे, रात्र रात्र जागून पाठ करते, तरी याच एका विषयात दुसऱ्यांदा केटी लागली. "घरात आता 'पुरे झालं शिक्षण' अशी बोलणी सुरू झाली आहेत. मला त्या विषयातलं एक अक्षर कळत नाही. तुम्ही काही सांगाल का?"

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. प्रोसेस, शेड्युलर हे काही आमच्या फळ्यावरचे शब्द नव्हेत. पण दोन वर्षांपूर्वी आमची भाची याच विषयात अडकली, आणि फेरपरीक्षेपर्यंत रोज इशानंतर आम्ही तिच्यासोबत तेच पुस्तक उघडून बसलो. शिकवायला नव्हे, ऐकायला. तिनं सांगायचं, आम्हांला कळलं नाही की तिनं पुन्हा सांगायचं. त्या बैठकींत जे हाती लागलं ते इथं मांडतो. अम्मी-अब्बूंनीही वाचावं. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल, मोबाइलवरून घरात भांडण झालेलं असलं म्हणजे पुरे.

भाचीनं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. प्रोसेसच्या अवस्थांची आकृती तिनं पट्टी लावून काढली होती. पाच गोल, आत नावं: न्यू, रेडी, रनिंग, वेटिंग, टर्मिनेटेड. अक्षर मोत्यासारखं. पण वेटिंगमधून एक बाण थेट रनिंगकडे गेला होता, आणि रेडीकडून वेटिंगकडे आणखी एक. पुढच्या गणिताचं उत्तरही चुकलं होतं. ती म्हणाली, "खाला, ही आकृती तर मला झोपेत काढता येते!" आम्हांला वाटतं, ती झोपेतच काढली गेली होती.

आधी प्रोसेस म्हणजे काय ते उरकून घेऊ. वहीत लिहून ठेवलेली बिर्याणीची कृती म्हणजे प्रोग्रॅम. ती नुसती पडून असते. चुलीवर पातेलं चढलं, की ती प्रोसेस. एकाच वहीवरून दोन चुलींवर दोन पातेली चढवली, तर प्रोग्रॅम एक आणि प्रोसेस दोन. दोन गुणांच्या प्रश्नाला एवढं पुरतं.

आता मोबाइल. 2020 साली शाळा-कॉलेजं बंद पडली तेव्हा आपल्या कितीतरी घरांत एकच स्मार्टफोन होता आणि शिकणारी मुलं तीन. भाचीच्या घरीही तेच. तिची अम्मी स्वयंपाकघरात असायची. तिनं नियम केला होता: कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत मोबाइल एकाकडे, मग दुसऱ्याकडे. हा मोबाइल म्हणजे प्रोसेसर समजा. मोबाइल ज्याच्या हातात, तो रनिंग. वही उघडून, पेन हातात घेऊन पाळीची वाट पाहणारी मुलगी, ती रेडी. आणि तिसरा? त्याच्या धड्याची पानं अजून झेरॉक्सच्या दुकानातून यायची आहेत. पानं आल्याशिवाय त्याला गणित सुरूच करता येत नाही. तो वेटिंग.

दोघंही बसलेलेच दिसतात. दोघांच्याही हातात मोबाइल नाही. फरक ओळखायला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता, या क्षणी, याच्या हातात मोबाइल दिला तर याचं काम सुरू होईल का? होईल, तर रेडी. होणार नाही, तर वेटिंग. प्रोसेसच्या बाबतीत 'मोबाइल'च्या जागी 'सीपीयू' म्हणा, म्हणजे झालं.

इथं आपल्या भाषाच मुलांना फसवतात, असं आमचं भाषाशिक्षकाचं निरीक्षण आहे. उर्दू माध्यमातून आलेलं मूल 'वेटिंग'चा अर्थ 'मुंतज़िर' असा करतं, मराठी माध्यमातलं 'वाट पाहणारी' असा करतं. पण वाट तर रेडीवालीही पाहतेच आहे! म्हणून आम्ही त्या वहीत रेडीपुढे 'रांगेतली' आणि वेटिंगपुढे 'अडलेली' असं लिहून ठेवलं. काही पुस्तकांत वेटिंगला 'ब्लॉक्ड' म्हणतात, ते नाव अधिक सरळ आहे.

आता बाणांकडे येऊ. भाचीच्या चुका तिथंच होत्या, आणि आमच्या मते गुणही तिथंच असतात. प्रत्येक बाणाला विचारायचं: हे कोणी घडवून आणलं?

न्यू ते रेडी: ऑपरेटिंग सिस्टीमनं प्रोसेसला दाखल करून घेतलं. रेडी ते रनिंग: शेड्युलरनं रांगेतून तिची निवड केली आणि डिस्पॅचरनं सीपीयू तिच्या हवाली केला. म्हणजे अम्मीनं मोबाइल हातात दिला. या दोन्हींत प्रोसेसची मर्जी चालत नाही.

रनिंग ते रेडी हा बाण जरा थांबून समजून घ्यावा असा आहे. मुलगी अभ्यास करत होती, काम संपलं नव्हतं, काही अडलंही नव्हतं, तरी मोबाइल काढून घेतला गेला. का? शिट्ट्या झाल्या. लक्षात घ्या, अम्मी दारात उभी राहून पहारा देत नव्हती. ती पोळ्या लाटत होती, तिला कुकरनं बोलावलं. कॉम्प्युटरमध्येही असंच आहे. सीपीयू एकच असेल आणि त्यावर तुमची प्रोसेस चालू असेल, तर त्या वेळी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः चालूच नसते, ती लक्ष कुठून ठेवणार? म्हणून हार्डवेअरमध्ये टायमर असतो. ठरलेली वेळ संपली की तो इंटरप्ट देतो, ताबा ऑपरेटिंग सिस्टीमकडे येतो आणि ती प्रोसेसला परत रांगेत बसवते. त्या ठरलेल्या वेळेला टाइम क्वांटम म्हणतात. दुसरं कारण असंही असू शकतं: अधिक प्राधान्याची प्रोसेस तयार झाली. अब्बूंना दुकानावर फोन लावायचा असला की शिट्ट्या कोण मोजतं!

रनिंग ते वेटिंग मात्र प्रोसेस स्वतःच्या पायानं जाते. तिनं फाइल वाचायला मागितली, किंवा कीबोर्डवरून काही यायचं आहे. आता ते मिळेपर्यंत तिला सीपीयूचा उपयोग नाही, म्हणून ती बाजूला होते. मुलानं स्वतःच म्हणावं, "अम्मी, पानं आल्याशिवाय पुढं जमत नाही," आणि मोबाइल खाली ठेवावा, तसं. प्रोसेसच्या स्वतःच्या करणीनं घडणारे बाण प्रामुख्यानं दोनच: हा एक, आणि काम संपवून टर्मिनेटेडकडे जाणारा दुसरा. (काही सिस्टीममध्ये स्वतःहून पाळी सोडून रांगेत जाण्याचीही सोय असते, पण परीक्षेत ती सहसा विचारत नाहीत.)

आणि वेटिंग ते रेडी: हवी ती गोष्ट आली. डिस्कनं वाचन पूर्ण केल्याचा इंटरप्ट दिला. झेरॉक्सची पानं आली. पण पानं आली म्हणून मोबाइल लगेच हातात येतो का? तो तर बहिणीकडे आहे. पानं घेऊन पोरानं रांगेत बसायचं.

रमजानमध्ये भाचीला हे आपोआप उमगलं. मगरिबपूर्वी दस्तरखानाभोवती सगळे बसलेले, खजूर समोर, भूक लागलेली, पण अजान झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही. सगळे वेटिंग, तेही एकाच घटनेसाठी. अजान झाली आणि सगळे एकदम मोकळे झाले. तरी सरबताचा जग एकच होता. तो एका वेळी एकाच्याच हातात जाणार, बाकीचे ग्लास पुढं करून बसलेले. ती हसून म्हणाली, "खाला, सगळे रेडीत गेले, रनिंगमध्ये फक्त नाना!"

एवढं कळलं की नसलेले बाण पाठ करावे लागत नाहीत. वेटिंग ते रनिंग नाही, कारण मध्ये रांग आहे. रेडी ते वेटिंग नाही, कारण काही मागण्यासाठी प्रोसेस आधी चालू असावी लागते. रांगेत बसलेली काय मागणार? न्यू ते रनिंग थेट नाही. आणि सिस्टीम नॉन-प्रीएम्प्टिव्ह असेल, म्हणजे हातातला सीपीयू काढून घेण्याची पद्धतच नसेल, तर रनिंग ते रेडी हा बाणही गळतो. हा प्रश्न 'खालीलपैकी कोणतं संक्रमण शक्य नाही' अशा रूपात फार आवडीनं विचारतात. रेडी किंवा वेटिंगमधून थेट टर्मिनेटेडकडे जाणारा बाण नेहमीच्या आकृतीत नसतो, पण प्रोसेस बाहेरून मारून टाकली तर तसं घडतं. प्रश्नात 'किल' असा उल्लेख असेल तरच तो लिहावा.

पुस्तकांच्या गोंधळाबद्दल एक शब्द. बीसीएवाल्या मुलानं विचारलं आहे की अवस्था तीन, पाच की सात? तिन्ही बरोबर आहेत. टॅनेनबाउम यांच्या पुस्तकात तीन आहेत: रनिंग, रेडी, ब्लॉक्ड. कॉलेजात ज्याला नुसतं 'गॅल्विन' म्हणतात, त्या डायनोसॉरच्या मुखपृष्ठाच्या सिल्बरशॅट्झ-गॅल्विन-गॅग्ने यांच्या पुस्तकात जन्म आणि शेवट धरून पाच आहेत. स्टॉलिंग्ज यांच्या पुस्तकात सातपर्यंत जातात, कारण मेमरी अपुरी पडली की काही प्रोसेस डिस्कवर हलवतात. रांगेतली हलवली तर रेडी-सस्पेंड, अडलेली हलवली तर ब्लॉक्ड-सस्पेंड. अडलेली प्रोसेस डिस्कवर असतानाच तिची घटना घडली तर ती ब्लॉक्ड-सस्पेंडमधून रेडी-सस्पेंडमध्ये जाते. मेमरीत परत आणली जाईल तेव्हाच ती खरी रेडी. तुमच्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ज्याचं पुस्तक लावलं आहे त्याचीच आकृती काढा. तीनही पुस्तकांतून थोडं थोडं उचलून काढलेली सहा गोलांची आकृती आम्ही एका वहीत पाहिली आहे. अशी सरमिसळ करू नका.

आता गणित. भाचीचं खरं नुकसान इथं झालं होतं, म्हणून सावकाश करू. सीपीयू एक. राऊंड रॉबिन पद्धत, क्वांटम 4 मिलिसेकंद. तीन प्रोसेस, तिन्ही शून्य वेळेला हजर, रांग पहिली-दुसरी-तिसरी अशी. पहिलीला सीपीयू हवा 5. दुसरीला आधी 2, मग इनपुट-आउटपुटसाठी 5, मग पुन्हा सीपीयू 1. तिसरीला 6. एकीकडून दुसरीकडे जाण्याचा वेळ शून्य धरा.

0 ते 4 पहिली चालली. क्वांटम संपला, 1 उरला, ती रांगेच्या शेवटी गेली. 4 ते 6 दुसरी चालली, तिनं इनपुट-आउटपुट मागितलं आणि ती वेटिंगमध्ये गेली. तिचं काम 11 ला पूर्ण होणार. 6 ते 10 तिसरी, तिचे 2 उरले, ती रांगेत गेली. 10 ते 11 पहिली, संपली. बरोबर 11 ला दुसरीचं इनपुट-आउटपुटही पूर्ण झालं. आता सीपीयू कोणाला?

भाचीनं पेपरात लिहिलं होतं, दुसरीला. तोच तो चुकीचा बाण! दुसरी 11 ला रेडीत आली, पण रांगेत तिसरी आधीपासून बसलेली होती. म्हणून 11 ते 13 तिसरी, ती संपली. मग 13 ते 14 दुसरी. आकृती चुकली म्हणून गणित चुकलं. ती दोन्हींना वेगवेगळे प्रश्न समजत होती.

यापुढची खोच अशी. प्रश्नात 'वेटिंग टाइम' काढा म्हणतात. मुलं नाव पाहून वेटिंग अवस्थेतला वेळ मोजतात. दुसरीसाठी 5 लिहून मोकळी होतात. पण वेटिंग टाइम म्हणजे रेडी रांगेत घालवलेला वेळ! नावानं मुलांचा घात केला आहे खरा, पण आता ते बदलणार नाही. दुसरी रांगेत बसली 0 ते 4 आणि 11 ते 13, म्हणजे 6. पडताळा असा पाहायचा: ती 14 ला संपली, सीपीयू 3, इनपुट-आउटपुट 5, रांगेत 6, बेरीज 14. पहिली 11 ला संपली, सीपीयू 5, रांगेत 6. तिसरी 13 ला संपली, सीपीयू 6, रांगेत 7. सरासरी 19 भागिले 3, म्हणजे 6.33. हा पडताळा करायला अर्धा मिनिट लागतो आणि तो कोणी करत नाही.

गेटची तयारी करणाऱ्या पॉलिटेक्निकच्या मुलाचा प्रश्न: एक सीपीयू आणि प्रोसेस एन असतील, तर प्रत्येक अवस्थेत जास्तीत जास्त किती? रनिंगमध्ये एक, किंवा एकही नाही. वेटिंगमध्ये सगळ्या एन असू शकतात, म्हणजे सगळ्यांचंच काही ना काही अडलं आणि सीपीयू रिकामा. रेडीतही सगळ्या एन असू शकतात, कारण एकीकडून ताबा काढून घेतला आहे आणि दुसरीला अजून दिलेला नाही, असा एक क्षण असतोच. त्या क्षणी डिस्पॅचर काम करत असतो. मुलं इथं एन वजा एक लिहितात.

त्या क्षणाला काँटेक्स्ट स्विच म्हणतात. भाचीच्या घरी मोबाइल देताना प्रत्येकानं चिठ्ठी लिहून ठेवायची होती: कोणता व्हिडिओ, कितव्या मिनिटाला, कोणतं उदाहरण. नाहीतर पुढच्या पाळीला पहिल्यापासून सुरुवात. प्रोसेसची चिठ्ठी म्हणजे पीसीबी, प्रोसेस कंट्रोल ब्लॉक. त्यात तिची अवस्था, प्रोग्रॅम काउंटर, रजिस्टरमधल्या किमती, प्राधान्य आणि उघडलेल्या फाइलींची यादी असते. चिठ्ठी लिहिण्या-वाचण्यात वेळ जातो आणि तेवढ्या वेळात कोणाचाच अभ्यास होत नाही. म्हणून क्वांटम फार लहान ठेवत नाहीत.

झोंबी प्रोसेसवर टीप लिहा, असंही येतं. काम संपलं, पण जन्म देणाऱ्या पेरेंट प्रोसेसनं तिचा निकाल अजून वाचलेला नाही, म्हणून तिची नोंद यादीत राहते, ती झोंबी. पेरेंटच आधी संपली तर मूल ऑर्फन, म्हणजे यतीम. युनिक्समध्ये त्याचं पालकत्व परंपरेनं एक क्रमांकाच्या इनिट प्रोसेसकडे जातं. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये पी-एस, जागा सोडून ए-यू-एक्स असं टाइप करून 'स्टॅट' नावाचा रकाना पाहा. आर म्हणजे चालू किंवा रांगेतली (लिनक्स दोघींना एकच अक्षर देतं), एस आणि डी म्हणजे अडलेली, टी म्हणजे थांबवलेली, झेड म्हणजे झोंबी. पुस्तकातली आकृती समोर जिवंत दिसते. भाचीनं ती पाहिली आणि पुढचा तासभर तिथून उठली नाही.

शेवटचा मुद्दा स्टार्व्हेशन, म्हणजे उपासमार. प्राधान्यानं निवड होत असेल आणि वरच्या प्राधान्याच्या प्रोसेस येतच राहिल्या, तर खालची प्रोसेस रेडीतच बसून राहते. तिचं काहीही अडलेलं नसतं. ती पूर्ण तयार असते. फक्त पाळी येत नाही. यावर उपाय एजिंग: जितका वेळ ती रांगेत बसेल तितकं तिचं प्राधान्य हळूहळू वाढवत न्यायचं, म्हणजे कधीतरी ती वर येतेच. हे समजावून सांगताना भाची मध्येच गप्प झाली. मग म्हणाली, "आमच्याकडे चार शिट्ट्यांचा नियम होता ना, पण माझ्या पाळीला भाईचा क्लास असायचाच." तिची अम्मी, म्हणजे आमची आपा, भाजी निवडत तिथंच बसली होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून रात्री नऊ ते साडेदहा मोबाइल भाचीकडे राहिला आणि त्या वेळात पाणी आणून दे, चहा टाक, असं तिला कोणी सांगितलं नाही. फेरपरीक्षेत विषय सुटला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे.

पत्र लिहिणाऱ्या अम्मींना आमचं एवढंच सांगणं आहे. मुलीच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. चूक पाठांतराची आहे की समजण्याची, ते एका आकृतीवरून दिसेल. मग रोज रात्री तिला तुमच्यासमोर बसवा आणि एकेका बाणावर बोट ठेवून विचारा, "हे कोणी केलं?" तुम्हांला उत्तर माहीत असण्याची गरज नाही. तिला सांगता येत नसेल तर ते तुमच्या लगेच ध्यानात येईल. आणि घरातल्या बोलण्यांबद्दल: निर्णय फेरपरीक्षेनंतर घ्या, आधी नको. अब्बूंना हे पान वाचायला दिलं तरी हरकत नाही.

मुलांसाठी सराव: वरचंच गणित क्वांटम 3 धरून करा. दुसरी प्रोसेस रेडी रांगेत एकूण किती वेळ बसते आणि तिन्हींचा सरासरी वेटिंग टाइम किती, ते पडताळ्यासह लिहून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह. नुसता आकडा पाठवू नका, कोणत्या मिनिटाला कोण कोणत्या गोलात होतं तेही लिहा. मिनिट नव्हे, मिलिसेकंद. बघा, आम्हीही चुकतो.

वस्सलाम.